मायचा आवाज

सत्यशीला जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. आई पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गायची. तिच्या गाण्याची एकच तबकडी घरात उरली होती. तिच्यातला जाड, भारदस्त आवाज ऐकत सत्यशीला पन्नाशीला आली. तबकडी लागली की तिचे वडील हरिदासभाऊ मात्र अंगणात निघून जायचे.

या हिवाळ्यात तबकडीचा आवाज फाटायला लागला, म्हणून तिनं रेकॉर्ड प्लेयर वडशाला दुरुस्तीला नेला.

"पट्टा सैल हाय बाई. हे मशीन लई वर्षांपासून हळू फिरून राह्यलं, त्यानं आवाज जाड येते," असं म्हणत मेकॅनिकनं नवा पट्टा बसवला.

घरी येऊन तिनं तबकडी लावली, तर एका कोवळ्या पोरीचा बारीक आवाज घरभर घुमला. भिंत धरत हरिदासभाऊ घाईघाईनं आत आले.

"बाबा, हे कोण गाऊन राह्यली? हे तर माह्या पोरीपेक्षाही लहान वाटते."

"तुही मायच होय ते," हरिदासभाऊ म्हणाले. "एकोणीसची होती. बाळंतपणाले लई घाबरली होती."



जन्मभर आईच्या मांडीसाठी झुरलेल्या सत्यशीलानं ती तबकडी मांडीवर घेतली आणि हलक्या हातानं थोपटत बसली.