पलीकडची खुर्ची

"एकच चूक घातलीय म्हणालात आणि घातल्यात दोन," सुबर्णा म्हणाली आणि पाचही कागद तिने टंकनाथ सरांपुढे सरकवले. "जाता जाता माझी फजिती करायला निघाला होतात ना?"

सर हसले. प्रशिक्षणातली ही शेवटची परीक्षा. कर्करोगाच्या खऱ्याच रोग्यांना किरण किती वेळ द्यायचे त्याचे पाच हिशेब, त्यातल्या एकाच्या नकलेत सरांनी मुद्दाम केलेली चूक. ती सापडली की सरांनी सही करायची आणि सुबर्णाने दुपारच्या बसने धरान सोडून काठमांडूला जायचं. तिथल्या इस्पितळात तिच्यासकट चार भौतिकतज्ज्ञ होणार होते. इथे सर पुन्हा एकटे.

"ही सोपी होती. किरणांच्या वाटेत त्यांचा जोर कमी करणारी पाचर ठेवलीय आणि हिशेबात ती धरलेलीच नाही. पण ही दुसरी बघा. किरण दोन बाजूंनी द्यायचेत, म्हणजे प्रत्येक बाजूने निम्मा वेळ. इथे दोन्हीकडे पुरा लिहिलाय. मनमाया आजी भाजून निघाल्या असत्या. तुम्ही पण ना, सर."

सरांनी कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. या कागदात त्यांनी काहीच घातलं नव्हतं. फायलीतून जसा निघाला तसाच तिच्यापुढे ठेवला होता. मनमाया तामांगचे उपचार उद्या सकाळी सुरू व्हायचे होते.

गेल्या आठवड्यात सुबर्णा घरच्यांचा निरोप घ्यायला गावी गेली होती, तेव्हाचा हा हिशेब. तपासलाही त्यांनीच होता, ती येण्याआधी इतकी वर्षं तपासत आले होते तसा. हिशेब मांडायचा, बाहेर जाऊन चहा प्यायचा, परत आल्यावर टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तो पुन्हा करून बघायचा. सुबर्णा आल्यापासून ती खुर्ची तिची झाली होती.

"काय झालं सर? माझं चुकलं का?"

खरं सांगितलं तर ही पोर जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पिशवी खाली ठेवील आणि म्हणेल, राहते मी. त्यांना तेच हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"नाही बहिनी," नेहमीसारखं तिला धाकटी बहीण म्हणत सर म्हणाले. "एक सापडल्यावर तू थांबतेस का, ते बघत होतो."

"मला वाटलंच. तुम्ही कसले सरळ सोडताय."

त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली. 'एकटीने जबाबदारी सांभाळण्यास समर्थ' या छापील ओळीखालीच सहीची जागा होती.

सुबर्णाने पिशवीतून पांढरा खादा, निरोपाचं मानाचं उपरणं, काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि वाकून नमस्कार केला.

"दालभात वेळेवर खात जा, सर. नुसत्या चहावर दिवस ढकलू नका."

"बस चुकेल तुझी. नीघ."

ती गेली. त्यांनी कागदावरचा वेळ खोडून निम्मा लिहिला आणि सगळा हिशेब पहिल्यापासून मांडला. मग बाहेर जाऊन चहा प्यायले. गळ्यातला खादा काढायचं त्यांना सुचलंच नाही. परत येऊन ते टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी एकेक आकडा पुन्हा करून बघितला. उत्तर जुळलं.

"बरोबर आहे, सर," समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ते म्हणाले.

मग कागद हातात धरून ते तसेच बसून राहिले. कारण या खुर्चीतला माणूस गेल्या आठवड्यातही हेच म्हणाला होता.