पाळण्यातला गोरा

पाळण्याची कडी करकरली आणि घरातली शांतता मोडली. वसुलीच्या साहेबाने पाळण्यावर हात ठेवला होता. ना माळा तपासला, ना पलंगाखाली वाकला, ना पिठाचं पिंप उघडलं. उंबरा ओलांडून स्वारी थेट तिथेच आली होती.

"बाळ झोपलंय, साहेब," लोणीवाली म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

"झोपू दे की. मला रडणारा नकोच." साहेब मिशीत हसला. "जुळ्यातला गोरा तेवढा द्या."

लोणीवालीने पाळण्याची दोरी घट्ट धरली. पाळण्यात बाळ तर एकच होतं.

लढाई लागल्यापासून दूध, अंडी, लोणी सगळं सरकारजमा व्हायचं. लोकांकडे राहायची ती गाणी, आणि ती रचायची लोणीवालीच.

दूध गेलं लढाईवर, अंडी गेली काल,
शेण तेवढं उरलंय, साहेब, कधी न्याल?

हे तर गावातलं शेंबडं पोरही साहेबाच्या तोंडावर म्हणायचं, आणि साहेबही हसायचा. पण एक गाणं गोठ्याबाहेर गेलं नव्हतं. ताक घुसळताना तिने ते फक्त आपल्या बहिणीला, ताईला ऐकवलं होतं.

पाळण्यामध्ये जुळे माझे, एक गोरा, एक काळा,
काळा रडतो दुधासाठी, गोरा लोण्याचा गोळा!

ताई हसून हसून खांबाला टेकली होती. "पुन्हा म्हण गं, पुन्हा!" करत तिने ते तीनदा म्हणवून घेतलं होतं, आणि शेवटच्या शब्दावर आपला खास हेल काढत स्वतःही म्हटलं होतं.

लोणीवालीने बाळाला उचललं. साहेबाने गादीखालून ओल्या फडक्यातला गोळा अलगद काढला, तान्ह्याची मान सांभाळावी तसा. दोन महिने स्वतःच्या भाकरीला बोटभरही न लावता साठवलेलं लोणी. बूटवाला त्याच्या बदल्यात थंडीआधी थोरल्या लेकीच्या मापाचे बूट देणार होता.

"गाणं झकास जमलंय हं, बाई," साहेब म्हणाला आणि गुणगुणतच बाहेर पडला. शेवटच्या शब्दावर त्याने हेल काढला. तो हेल ताईचा होता.

थोरली अनवाणीच दारात उभी राहून साहेबाची घोडागाडी बघत होती. गाडी शेजारच्या घरी थांबली, पलीकडच्या घरी थांबली. ताईच्या दारावरून मात्र घोडा टाप न चुकवता पुढे गेला.

थोरलीने वळून बघितलं.

"आई, मावशीकडे तर आपल्यापेक्षा दोन गाई जास्त आहेत. मग तिथे का नाही गं थांबली गाडी?"