जांभळा ठिपका

चावी फिरवली की गवत कापायच्या ट्रॅक्टरचं इंजिन अर्धा फेरा घ्यायचं आणि अडकून बसायचं.

"रोज पुसतो हो मी त्याला," मैदानाचे माळी ढमालेमामा म्हणाले. मशीन बिघडवल्याबद्दल शेजारीच उभ्या असलेल्या क्लबच्या सेक्रेटरींनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"नुसतं पुसून काय होतं? तुमच्या हाती मशीन द्यायलाच नको होतं," मी तुसडेपणाने म्हणालो आणि इंजिनाचं झाकण उघडलं.

आत व्हॉल्व्हचा नट बोटाने फिरत होता. त्यामुळे व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नव्हता, आत हवा कोंडत होती आणि स्टार्टरला इंजिन ओढवत नव्हतं. कुठल्या गाढवाने नट न आवळताच झाकण लावलं, अशी शिवी हासडत मी तो पुसला.

नटावर जांभळा ठिपका होता. आवळून झालेल्या नटाला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावायची सवय माझी. या गावात फक्त माझी.

"काय निघालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी नखाने ठिपका खरवडला. "यांचा निष्काळजीपणा. दुसरं काय?"

ढमालेमामांनी हात पुसायला स्वतःचं फडकं पुढे केलं. मला माझीच किळस आली. नखातला जांभळा रंग दिसू नये म्हणून मी मूठ मिटली.