न उठलेली गांध

ज्योतीरामचा डावा हात टेबलावर उताणा ठेवलेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत पेनानं आकडे घातले होते आणि प्रत्येक आकड्याशेजारी औषधाचा एक थेंब होता. थेंबाथेंबातून बारीक सुई टोचून झाली होती. ज्या गोष्टीची ॲलर्जी असेल तिच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांध उठेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तिसरा थेंब गव्हाच्या पिठाचा होता.

त्याची बायको जयमाला त्या तिसऱ्या थेंबावर नजर रोवून बसली होती.

"काही न्हाई उठलं. बघ, एकदम साफ," ज्योतीराम म्हणाला. "उगा मॅडमचा वेळ खातीस."

"गप बसा. अजून वेळ हाय."

"संध्याकाळपर्यंत बसलीस तरी न्हाई उठायचं."

जयमाला डॉक्टरबाईंकडे वळली. "मॅडम, परवा शिफ्टवरनं आले ते दारातच बसले. ओठ जांभळे पडले. पंप मारला, परत मारला, तरी आत हवाच जाईना. शेजारच्यांनी रिक्षात घातलं म्हणून हात दाखवायला आज इथं हायेत. ब्रेडच्या कंपनीत पिठाची पोती रिकामी करायचं काम हाय ह्यांचं. तुम्ही एवढं कागदावर लिहून द्या, ह्यांना पीठ चालत न्हाई म्हणून. मग पॅकिंगला टाकतील. तिथं पीठ उडत न्हाई."

"पीठ चालत न्हाई म्हणं," ज्योतीराम हसला. "रोज चपात्या हाणतो की."

"खाल्लेलं चालतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "श्वासातून गेलेलं चालत नाही. पुष्कळांचं असंच असतं."

त्यांनी गांध मोजायची छोटी पारदर्शक पट्टी घेतली आणि एकेक थेंब कापसानं टिपून त्याखालची कातडी बघत गेल्या. धूळ, काही नाही. बुरशी, काही नाही. पीठ, काही नाही. जयमालाचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या थेंबाशी डॉक्टरबाई थांबल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला.

"हा कशाचा हो?" जयमालानं विचारलं.

"हा ॲलर्जीचा नाही. तपासणी नीट होते की नाही, हे कळावं म्हणून ठेवतात. हा माझ्या हातावर उठेल, तुमच्या हातावर उठेल, रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्याही हातावर उठेल." त्यांनी ज्योतीरामकडे पाहिलं. "तुमच्या हातावर उठला नाही. ॲलर्जीची गोळी कधी घेतलीत?"

ज्योतीरामनं हात जवळ ओढला.

"गोळी?" जयमाला म्हणाली. "तुम्ही बंद करा म्हणालात त्याच दिवशी मी घरातली सगळी पाकिटं टाकून दिली, मॅडम."

"कंपनीच्या गेटसमोर मेडिकल हाय," ज्योतीराम खाली बघत म्हणाला. "सकाळी एक घेतली. इथं बसमधनं उतरल्यावर आणखी एक."

"जीव द्यायला निघालाय का?" जयमाला ओरडली. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत वाकून बघू लागली.

"सोमवारी कंपनीची मेडिकल तपासणी हाय, मॅडम," तो डॉक्टरबाईंनाच सांगत राहिला. "पर्मनंट करणार हायेत. हात बघतील, छाती बघतील, दम किती हाय ते बघायला नळीत फुंकायला लावतील. त्यात तुमचा कागद कुणी बघितला तर संपलं."

"कागद दाखवला तर पॅकिंगला टाकतील, एवढंच," जयमाला म्हणाली.

"माझ्यासंगं पोती उचलणाऱ्या मालोजीभाऊला टाकलं पॅकिंगला?"

"ते तर गावाला गेले. तुम्हीच म्हणालात."

"गावालाच गेला. का गेला, ते न्हाई सांगितलं तुला. असाच कागद घेऊन गेला होता, पॅकिंगला टाका म्हणून. साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला, आणि जाताना गेटपास काढून घेतला. आता कुठंच घेत न्हाईत त्याला. दम लागतो म्हणून कळलंय सगळीकडं."

जयमाला त्याच्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरबाईंकडे.

"मग औषधच द्या, मॅडम. जिभेखाली थेंब ठेवून हळूहळू सवय लावतात म्हणं. मोबाईलवर बघितलं मी."

"धुळीसाठी आहेत तसे थेंब. पिठाचे मी देऊ शकत नाही. त्यावर अजून अभ्यास चालू आहे. आणि ते आले तरी रोज पिठात उभ्या राहणाऱ्या माणसाला किती पुरतील, कुणी सांगू शकत नाही." डॉक्टरबाई सावकाश बोलत होत्या, पण त्यांनी शब्द मऊ केले नाहीत. "गोळीनं हातावरची गांध दबते. छातीतलं दबत नाही. असंच चालू राहिलं तर एक दिवस पंपाचाही उपयोग होणार नाही. आज माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे. पीठ उडतं तिथे जायचं नाही."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

"रक्त तपासता येतं," त्या म्हणाल्या. "गोळीनं ते लपत नाही. रिपोर्ट आला की मी लेखी देते. घेऊ रक्त?"

ज्योतीरामनं डॉक्टरबाईंकडे पाहिलंच नाही. तो बायकोकडे बघत होता.

जयमालानं कापसाचा बोळा उचलला. त्याच्या हातावरचे पेनाचे आकडे एकेक करून पुसले. शर्टाची बाही खाली ओढली. मनगटावरचं बटण लावलं.

"रक्त नको, मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की डॉक्टरबाईंना पुढे वाकावं लागलं. "सोमवारी ह्यांना नळीत फुंकायचंय. तेवढ्या एका फुंकरीला दम पुरेल, असं काही असलं तर द्या."