मनोऱ्याचं टोक

शुक्रवारी दुपारी, फुटबॉलच्या सामन्याआधी, शाळेच्या जिममध्ये जल्लोष पथकाच्या मुलींनी मनोरा रचला. खाली ओणव्या तिघी, त्यांच्या पाठीवर तशाच ओणव्या वांडा आणि जेरी. टोक रिकामंच ठेवायचं ठरलं होतं. तिथे चढणारी डोरीन उन्हाळ्यात पोलिओनं गेली होती.

चढण्याआधी डोरीन वांडाच्या खांद्यावर दोनदा थोपटायची. "जड झाले तर सांग हं, ढमे!"

आज घोषणा सुरू झाल्या आणि वांडाच्या खांद्यावर कुणीतरी दोनदा थोपटलं. मग पाठीवर एक गुडघा टेकला.

समोरच्या बाकांवरच्या सगळ्या पोरांच्या माना एकदम वर गेल्या.

वांडा मान वळवून वर बघायला गेली.

"हलू नकोस गं," शेजारून जेरी कुजबुजली. तिचीही पाठ वाकली होती. "ती अजून उभी राहतेय."