दोन भोकं वर

गाडीमागे कॅरव्हॅन जोडायचा हूक रस्त्याला घासला, म्हणून ड्वेनने पेट्रोल पंपावरच बायकोचं, लोरेनचं, तोंड बॉनेटवर आपटलं.

"वर घे तो. पुन्हा घासला ना, तर तुझं थोबाड घासीन!"

तोंडातलं रक्त थुंकून लोरेनने पान्याने हूक वर घेतला. मुद्दामच, उंची ठरवणाऱ्या पट्टीवर दोन भोकं जास्त. नाक वर झालेली कॅरव्हॅन मोंटानाच्या घाटात उताराला हेलकावे खाते आणि गाडीलाही दरीत ओढते, हे तिला ठाऊक होतं.

"तू हो पुढे. टेसा आणि मी इथेच राहतो."

"तू मर इथे. पोरगी माझ्यासोबत येणार." ड्वेनने लेकीला उचलून पुढच्या सीटवर कोंबलं.

लोरेनने पुन्हा पाना उचलला.

"आता काय राहिलं गं?"

"जरा चुकलंय," ती म्हणाली आणि पाना त्याच्या डोक्यात घातला.