हिरवी अंगठी

शरयूकाकूंच्या बोटातली अंगठी अजून पिवळीच होती. हर्षलने फोनवर पुन्हा तिचा आकडा पाहिला. माणसाच्या रक्तातलं समाधान मोजणारी ती अंगठी हिरवी झाली, तरच सरकार एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी भेटी देणाऱ्या हर्षलच्या ‘सोबत’ केंद्राला त्या भेटीचं अनुदान देई. मार्चअखेर होती आणि अजून चार म्हाताऱ्यांची घरं बाकी होती.

“काय काकू, बरं आहे ना?” त्याने घड्याळाकडे बघत विचारलं.

“थांब रे जरा,” काकू म्हणाल्या. “आज सायकलच्या आठवणीने काही होत नाहीये.”

“कसली आठवण?”

“मी सायकल शिकले, त्या दिवसाची. तू आलास की मी तीच काढते, म्हणजे अंगठी हिरवी होते. दोन वर्षं वापरून झिजली बघ ती आता.”

हर्षलची मान खाली गेली. जिल्ह्यात सगळ्यात जास्त हिरव्या भेटी त्याच्या, म्हणून गेल्याच महिन्यात त्याचा सत्कार झाला होता. म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलावं, यावर त्याने तिथे भाषणही ठोकलं होतं.

“राहू द्या, काकू,” तो कसाबसा म्हणाला.

“असं कसं? केंद्र बंद पडलं तर मंगळवारी माझ्याकडे कोण येईल?” त्यांनी डोळे मिटले. “आमच्या ह्यांची एक आठवण जपून ठेवली होती. आज तीच काढते.”

थोड्या वेळाने अंगठी हिरवी झाली. काकूंनी डोळे पुसले आणि हात त्याच्यापुढे धरला.

“झालं ना तुझं काम?” त्या म्हणाल्या. “मग आता पाच मिनिटं बस.”